परभाषेच्या मुलखात : बीड जिल्ह्यातील व्यापारी जैन कुटुंबांचा भाषाप्रवास

संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की मागील पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो. वास्तू केव्हा उभी राहिली, पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, कोणत्या वर्षी कोणत्या साधु-साध्वींचा चातुर्मास लाभला, देणगीदार कोण होते, या सर्वांची नोंद होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु या सर्वांच्या आधी घडलेली एक गोष्ट सहसा कोठेच नोंदली जात नाही. आज बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, कडा, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई, परळी या गावांतून स्थिरावलेल्या अनेक जैन कुटुंबांचे पूर्वज जेव्हा या मुलखात प्रथम आले, तेव्हा त्यांना येथील भाषा येत नव्हती. भाषा नीट बोलता येत नसताना त्यांनी पहिली नोकरी कशी मिळवली, पहिले दुकान कसे थाटले आणि ही परकी भाषा पुढे त्यांच्या नातवंडांची मातृभाषा कशी झाली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळचे आणि मागाहून आलेले

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रातील सर्वच जैन बाहेरून आलेले नाहीत. सैतवाळ, पंचम, चतुर्थ, कासार हे जैन समाज शतकानुशतके याच भूमीत राहिलेले असून मराठी अथवा कन्नड हीच त्यांची घरची भाषा आहे. गुणकीर्तींचा ‘धर्मामृत’ हा जुन्या मराठी गद्यातील जैन ग्रंथ अभ्यासकांना सुपरिचित आहे. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांशी असलेला मराठी शिलालेख तर मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो. विशेष म्हणजे तेथे मराठीसोबत कन्नड व तमिळ भाषांतही लेख कोरलेले आहेत. यात्रेकरू ज्या भाषेचा असेल त्या भाषेत त्याला मजकूर कळावा, हा विचार त्यामागे असावा असे मानण्यास जागा आहे. भगवान महावीरांनीही आपला उपदेश विद्वानांच्या संस्कृतातून न करता लोकांना समजणाऱ्या अर्धमागधीतून केला. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे, ही शिकवण जैन परंपरेत मुळापासून आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मागाहून आलेल्यांचा आहे. मुख्यतः मारवाडातून आलेले ओसवाल आणि त्यांच्या जोडीला काही गुजराती कुटुंबे दख्खनमध्ये आली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व पुणे भागात मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून वाढू लागली आणि तेथून ती हळूहळू निजामाच्या राज्यात, म्हणजे आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात आणि गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव भागात पसरली.

मारवाड का सोडले?

मारवाडची भूमी कमी पावसाची. तेथे दुष्काळ हा पाहुणा नसून घरचाच माणूस होता. त्यातही विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छपनिया काळ’ म्हणून आजही घराघरांत सांगितला जातो. या दुष्काळाने राजस्थानातील असंख्य कुटुंबांना घराबाहेर काढले. त्याच सुमारास प्रवासही पूर्वीपेक्षा सुकर झाला होता. आधीच्या पिढ्या उंट, बैलगाडी व पायपीट यांच्या आधारे इंदूर-खानदेशमार्गे दख्खनमध्ये उतरल्या. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्गाने अहमदनगर जोडले गेले, १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली आणि १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गाने जालना जोडले गेले. बीड शहराला स्वतःची रेल्वे मिळण्यासाठी मात्र २०२५ साल उजाडावे लागले. त्यामुळे नवा आलेला माणूस अहमदनगर, जालना अथवा बार्शी येथे उतरे आणि तेथून बैलगाडीने किंवा पायी बीड जिल्ह्यातील गावी पोहोचे. कापड, किराणा, गूळ, कापूस यांचा व्यापारही याच तीन बाजारपेठांच्या वाटेने चाले.

भाषेवाचून मिळालेली पहिली नोकरी

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, अंगावर जाडेभरडे कपडे, कमरेला थोडेसे पैसे आणि मुखी केवळ मारवाडी बोली. अशा मुलाला या परक्या मुलखात काम कोण देणार? याचे उत्तर साधे होते. त्याला काम देणारा त्याच्याच गावचा, गोत्राचा अथवा नात्यातला असे. मामा, फुवा, मोठ्या भावाचा सासरा, असा कोणीतरी आधी येऊन बसलेला असावयाचा. त्याच्या दुकानी हा मुलगा गुमास्ता म्हणून राही. राहणे-जेवणे मालकाच्या घरी आणि पगार वर्षाकाठी खात्यावर जमा. चार-सहा वर्षांनी जमा रक्कम, मालकाची पत आणि थोडा उधार माल यांच्या बळावर तो शेजारच्या खेड्यात स्वतःचे लहानसे दुकान मांडे. पुढे तो लग्नासाठी देशी जाई आणि परतताना धाकट्या भावाला किंवा भाच्याला बरोबर घेऊन येई. असे एकामागून एक करीत संपूर्ण कुटुंबे या भागात आली.

या व्यवस्थेमुळे नवख्या माणसाला पहिल्या दिवशी भाषा येण्याची गरज नव्हती. घरात व दुकानाच्या गादीवर मारवाडी चाले. गिऱ्हाईक आले की जुना माणूस बोले आणि नवा माणूस ठाण उलगडणे, माप धरणे, घडी घालणे, पोती मोजणे, पाणी भरणे ही कामे करी. हात चालत असताना कान शिकत असत.

शिवाय व्यवहाराच्या भाषेत नवख्याला अगदीच अंधार नव्हता. जमा, खर्च, बाकी, उधार, रोख, हिशेब, वसूल, नफा, माल, दलाल, दुकान हे शब्द थोड्याफार उच्चारभेदाने मारवाडी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांत चालत. बाजाराची भाषा जणू आधीच समाईक झालेली होती. जेथे शब्द अपुरे पडत, तेथे बोटे कामास येत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी रीत मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. मराठीत हातांच्या खुणांच्या भाषेला ‘करपल्लवी’ असा सुंदर शब्दच आहे. अशा सौद्यात भाषेला कामच नसते.

दुकान हीच शाळा

मारवाडी व मराठी यांत काही विलक्षण साम्ये आहेत. हिंदीत नसलेला ‘ळ’ दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे बाजारचा गूळ आणि डाळ म्हणताना या मुलाची जीभ अडखळत नसे. दुसरे साम्य अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मारवाडीतही ‘म्हे’ आणि ‘आपां’ हा भेद आहे. ही दोन्ही रूपे नवागताला घरूनच ठाऊक होती. त्यांपैकी येथील लोकांसमोर कोणते वापरावे, हे शिकावयास मात्र त्याला दोन-तीन पिढ्या लागल्या.

अडचणही होतीच. मराठीत नपुंसकलिंग आहे, मारवाडीत नाही. त्यामुळे ‘कापड चांगला आहे’, ‘लुगडे आली’, ‘पोते फाटला’ अशी वाक्ये दुकानातून ऐकू येत आणि गिऱ्हाईक स्त्रिया पदर तोंडाला लावून हसत. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ निराळे, हे तर अनेकांना आयुष्यभर साधले नाही. परंतु हे हसणे बहुधा तुच्छतेचे नसे. हसता हसता त्या स्त्रिया चूक दुरुस्त करीत आणि मास्तरावाचून शिक्षण होई.

कापडाच्या दुकानात तर भाषा शिकल्यावाचून गत्यंतरच नव्हते. धोतरजोडी, मांजरपाट, उपरणे, पटका, खण, इरकल, नऊवारी या मालाची नावे पाठ व्हावी लागत. त्याहून कठीण रंगांची नावे. अंजिरी, आमसुली, कुसुंबी, मोरपंखी, आणि काळ्या लुगड्याला चंद्रकळा. एखादी आजी ‘संक्रांतीला सुनेसाठी चंद्रकळा दाखव’ म्हणाली, तर रंग, सण आणि नाते या तिन्ही गोष्टी समजल्याशिवाय ठाण पुढे करता येत नसे. लग्नसराईत कोणाला आहेराचे पातळ, कोणाला पटका, मामाकडून काय आणि आत्याला काय, हे मानपान जाणल्याविना बस्ता बांधून देणे अशक्य होते. यास्तव कापड-व्यापारी केवळ शब्द शिकला नाही, तर येथील घरांची रीतभातही शिकला. गिऱ्हाइकाला पाटील, आबा, तात्या, मामा आणि स्त्रियांना माय, ताई, काकू असे नात्याने हाक मारण्याची पद्धत त्याने उचलली. गिऱ्हाईकही त्याला ‘शेटजी’ म्हणू लागले आणि घसट वाढली की ‘काका’.

कचेरीची भाषा निराळी

दुकानात मराठी शिकून भागत नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी भाषा प्रथम फारसी आणि १८८४ च्या सुमारासपासून उर्दू. संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे लोक दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते, तरी तहसील, अदालत आणि पोलिसांचे कागद उर्दूत असत. गावकामगारांचे जुने दप्तर बव्हंशी मोडी मराठीत होते. म्हणजे मारवाडातून आलेल्या व्यापाऱ्याच्या वाट्याला घरी मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, गावदप्तरात मोडी, कचेरीत उर्दू आणि स्थानकात प्राकृत सूत्रे अशा पाच भाषा-लिपी आल्या.

कालगणनेचीही तीच कथा. वहीत विक्रम संवत, शेतकऱ्याच्या पंचांगात शालिवाहन शक, सरकारी कागदावर फसली सन, मुंबईच्या आडत्याच्या पत्रावर इंग्रजी तारीख आणि दिवाळीच्या पूजनात वीर निर्वाण संवत. नाणेही दोन प्रकारचे होते. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी अमलातील कलदार. शंभर कलदार म्हणजे सुमारे ११६ हाली, असा हिशेब बसत असे. नगरहून कलदार देऊन आणलेले कापड आष्टीत हालीने विकावयाचे आणि मध्ये करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावयाची, हे सारे तोंडी हिशेबाने सांभाळावे लागे.

ज्याला कचेरीची भाषा येत नव्हती, तो अर्जनवीस व वकील यांच्यावर अवलंबून असे. आपल्याच नावाने लिहिलेल्या कागदात काय आहे हे वाचता न येणे ही अवस्था किती लाचारीची असते, याचा अनुभव या व्यापाऱ्यांनी कचेरीच्या ओसरीवर पुरेपूर घेतला होता. पुढील प्रकरण समजून घेताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वहीची लिपी आणि १८७५ चा धडा

स्मरणिकेत केवळ गौरवाच्याच गोष्टी याव्यात असा प्रघात आहे. तथापि, इतिहास म्हटला की दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

व्यापारी मराठी बोलू लागला, परंतु त्याची वही मराठी झाली नाही. रोजमेळ व खातेवही तो महाजनी लिपीत लिही. या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळल्या जात. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून रडारड केल्याची जुनी गंमत सर्वांनी ऐकलेली आहे. घरच्यांची ही गत, तर कर्ज घेणाऱ्या कुणब्याला त्यात काय कळणार? बहुसंख्य शेतकरी तर निरक्षरच होते. बी-बियाण्यासाठी, लग्नकार्यासाठी, सरकारी सारा भरण्यासाठी तो उचल घेई, कागदावर अंगठा उमटवी आणि व्याज किती, फेड किती, बाकी किती हे सावकार सांगेल तेच खरे मानी. अनेक सावकार प्रामाणिक होते, पण सर्वच नव्हते. आणि प्रामाणिक असणाऱ्यालाही आपला प्रामाणिकपणा दाखवून देण्याचा मार्ग उरत नसे, कारण वही समोरच्याला वाचताच येत नव्हती.

याचा स्फोट बीडच्या सीमेपलीकडे, इंग्रजी अमलातील प्रदेशात झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांच्या जीवावर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि कागदपत्रे, आणि तीच त्यांनी जाळली. जो कागद वाचता येत नाही, त्याचीच भीती सर्वांत मोठी असते, हे यावरून स्पष्ट होते. या दंग्यांमागे १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीनंतर आलेली मंदी, वाढविलेला सारा आणि सावकाराच्या बाजूने झुकलेली न्यायालयीन पद्धत अशी इतरही कारणे होती. दोष केवळ सावकाराचा नव्हता. परंतु रोष ओढवला तो समोर दिसणाऱ्या, निराळ्या भाषेच्या माणसावर.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचे कर्जरोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, फेडीची लेखी पावती मिळावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा व पासबुक द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. हा कायदा निजामाच्या राज्यास लागू नव्हता. तेथे सावकारी व्यवहारावर नियंत्रण आणणारा कायदा १३४९ फसली, म्हणजे १९४० च्या सुमारास झाला. परंतु नगरच्या सोयऱ्यांची हकीकत आष्टी-पाटोद्याच्या दुकानांपर्यंत पोहोचावयास कायद्याची गरज नव्हती. समोरच्या माणसाच्या भाषेत बोलल्याने धंदा चालतो, पण हिशेब त्याला समजेल अशा रीतीने लिहिला तरच त्या गावात निर्धास्त राहता येते, हा धडा शहाण्या व्यापाऱ्यांनी त्यातून घेतला. जैन गृहस्थाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे-तोले वापरण्याचा समावेश आहेच. समोरच्याला न वाचता येणारा हिशेब लिहून त्याचा गैरफायदा घेणे हे त्याच व्रताशी विसंगत आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

घरातील स्त्रियांचे शिक्षण

या इतिहासात स्त्रियांचा उल्लेख क्वचितच येतो. पुरुष निदान दुकानात बसून दहा जणांशी बोले. मारवाडातून लग्न होऊन आलेली मुलगी घुंगट घेऊन माजघरात राही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे घरातलेच चार जण आणि माहेर शेकडो कोसांवर. तिची पहिली मराठी आली ती विहिरीवर, धुण्याच्या दगडावर, दळण-कांडणास येणाऱ्या बाईकडून आणि शेजारणीकडून. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, गाळलेले पाणी, कांदा-लसूण वर्ज्य, हे आपले नियम शेजारणीला समजावून सांगण्यासाठी तिला शब्द जुळवावे लागले. बाळंतपणात सुईणीचे आणि आजारपणात शेजारणीचे बोलणे समजून घ्यावे लागले. बाजरीची भाकरी दोन्हीकडची, त्यामुळे चुलीपाशी ओळख लवकर झाली. पुढे या स्त्रिया हळदीकुंकवाला जाऊ लागल्या, आणि त्यांची मुले अंगणात मराठीतच भांडू लागली. भांडण ज्या भाषेत सुचते ती भाषा आपली झाली असे समजण्यास हरकत नाही. दुकानातील मराठी व्यवहाराची होती, ती मायेची झाली ती या माता-भगिनींमुळे.

मराठी ही लिहिण्याची भाषा झाली

बोलण्याकडून लिहिण्याकडे जाण्याची वाट सोलापूर-नगर भागातील धुरीणांनी आधी दाखविली. गुजराती मूळ असलेले सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४-८५ च्या सुमारास ‘जैन बोधक’ हे नियतकालिक मराठीतून सुरू केले. आपल्या समाजाशी बोलावयाचे तेही आता मराठीतून, हा त्यातील अर्थ मोठा होता. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० मध्ये जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज मराठी, हिंदी, गुजराती, राजस्थानी, संस्कृत, प्राकृत, उर्दू, फारसी अशा अनेक भाषा जाणत होते. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाने या भागातील मुलामुलींना अभ्यासाची शिस्त लावली. हैदराबाद येथे राहून ३२ आगमांचा हिंदी अनुवाद करणारे पूज्य अमोलकऋषीजी महाराज यांच्या नावाने कडा येथे शिक्षणसंस्था उभी राहिली आणि खेड्यांतील मुलांना तिचा आधार झाला. बीडच्या सीमेजवळील कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर आचार्य शांतिसागरजी महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी समाधी घेतली. त्यांचे बालपण कर्नाटकाच्या सीमाभागात गेले होते. त्यांचा अंतिम उपदेश मात्र मराठीतून झाला.

राजकीय परिवर्तनानेही हातभार लावला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यापूर्वीच्या अस्थिर दिवसांत सीमेलगतच्या अनेक व्यापारी कुटुंबांना नगर-सोलापूरकडे आश्रय घ्यावा लागला होता. परत आल्यावर त्यांनी पुन्हा येथेच दुकाने उघडली, मारवाडात गेले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६४ च्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा झाली. नवी पिढी मराठी शाळांतून शिकली. वह्या देवनागरीत आल्या, पुढे विक्रीकराच्या निमित्ताने छापील पावतीपुस्तके आली आणि दुकानाच्या पाटीवरील अक्षर व गिऱ्हाइकाच्या हातातील बिलावरील अक्षर एक झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर बीड जिल्ह्यातून पुढे आलेले शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची पुण्यात व्यवस्था केली. ती मुले मराठवाड्यातील खेड्यापाड्यांची होती. ‘आम्ही’ सोडून ‘आपण’ म्हणावयास समाज शिकला, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

सातासमुद्रापार हेच घडले

हा अनुभव केवळ बीडचा नाही. छपनिया काळाच्याच सुमारास, १८९९ पासून, जामनगर परिसरातील हालारी ओसवाल जैन पूर्व आफ्रिकेत जाऊ लागले. त्यांनाही तेथील भाषा येत नव्हती. नातेवाइकाच्या दुकानी नोकरी, मग आतल्या भागात स्वतःचे लहान दुकान, हाच क्रम तेथेही दिसतो. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, त्यावरून हे व्यापारी ‘दुकावाला’ म्हणून ओळखले गेले. ते कामापुरती स्वाहिली उत्तम शिकले. पण ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीन यांनी तेथील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले, तेव्हा पिढ्यान्पिढ्यांची दुकाने मागे टाकून त्यांना निघावे लागले. त्या अन्यायाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु कामापुरती भाषा आणि एकरूप होणे यांत किती अंतर असते, याची जाणीव त्या घटनेने जगभरच्या प्रवासी समाजांना झाली.

बेल्जियममधील अँटवर्प येथे पालनपूरचे जैन हिऱ्याच्या व्यापारासाठी गेले. तेथील लोकांची भाषा फ्लेमिश, आणि हिरेबाजारावर पूर्वीपासून ज्यू व्यापाऱ्यांचा प्रभाव. सौदा पक्का झाला की हातात हात देऊन ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारावयाचा आणि मग माघार घ्यावयाची नाही, ही तेथील रीत. पालनपुरी व्यापाऱ्यांनी तीच रीत उचलली. एका शब्दावर लाखोंचे व्यवहार झाले ते त्या शब्दामागील सचोटीमुळे. आपल्याकडील रुमालाखालच्या बोटांचीच ही दुसरी तऱ्हा होय.

आज पुन्हा तोच प्रसंग

आज काळाचे चक्र फिरले आहे. राजस्थानातून आलेली कोवळी मुले पुन्हा येथील मिठाईच्या, फरशीच्या, हार्डवेअरच्या दुकानांत काम करताना दिसतात आणि तोडक्यामोडक्या मराठीत बोलतात. दुसरीकडे याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातही जातात. कन्नड येत नसलेला माणूस तेथे मुकादमाच्या भरवशावर राहतो. आधी घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे वजन आणि हंगामाअखेरची बाकी यांचा हिशेब पुष्कळदा त्याला नीट कळत नाही. जे दीडशे वर्षांपूर्वी महाजनी वहीपुढे बसलेल्या कुणब्याचे झाले, तेच आज त्याच्या पणतूचे होत असेल, तर त्याकडे व्यापारी समाजाने अलिप्तपणे पाहता कामा नये. हंगामावरून परतलेला तो माणूस कापड घ्यावयास याच बाजारात येतो. त्याचा हिशेबाचा कागद वाचून दाखविणे हे फार कष्टाचे काम नाही.

समाजातील तरुणही आता दूरदेशी जाऊ लागले आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यात जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले गेले. रुग्णसेवेसारख्या व्यवसायात भाषा न येणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ ठरतो, म्हणून तेथे भाषेची परीक्षा अटळ असते. स्वयंपाकघर, गोदाम, बांधकाम अशा कामांत प्रारंभी थोड्या शब्दांवर निभावते, पण बढती भाषेवाचून मिळत नाही. आखाती देशांत जाणाऱ्यांनी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या भरती प्रतिनिधीमार्फतच जावे आणि नोकरीचा करार स्वतःला समजेल अशा भाषेत वाचून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये. न वाचलेल्या कागदावर उमटविलेला अंगठा काय करतो, हे या समाजाला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. कधी वही लिहिणारा म्हणून, तर कधी कचेरीच्या ओसरीवर बसलेला अर्जदार म्हणून.

पूर्वजांच्या अनुभवाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. परक्या मुलखात पहिली नोकरी नात्याने मिळते, ती सचोटीने टिकते आणि धंदा भाषेने वाढतो. परंतु त्या गावचे होणे हे याच्याही पुढचे आहे. त्यासाठी आपला व्यवहार समोरच्याला त्याच्या भाषेत वाचता आला पाहिजे आणि त्याचे सुखदुःख आपल्याला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. दिवाळीच्या दिवशी, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, नवी वही उघडताना पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिण्याची परंपरा आहे. ती वही बाजारातल्या कोणाही माणसापुढे निःशंकपणे उघडता यावी, एवढी दक्षता पुढील पिढीने घेतली, तर तोडक्यामोडक्या भाषेत ‘कापड चांगला आहे’ म्हणणाऱ्या त्या पहिल्या गुमास्त्याचे कष्ट सार्थकी लागले असे म्हणता येईल.